अरुंधती दिसते का?

आमच्या गावी मे महिन्यात सगळे घर अंगणात झोपायचे. बाजा टाकल्या की आजीचे आकाशदर्शन सुरू व्हायचे. तिला वाचता येत नव्हते, पण सप्तर्षी, ध्रुव, मृग, कृत्तिका सगळे पाठ होते. मी बारा वर्षांचा असताना एका लग्नानंतर ती आम्हा पोरांना अरुंधती दाखवत होती. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून असलेली बारीक ठिणगी ती अरुंधती. भावंडांना एकेक करून ती दिसली. मला दिसली नाही. मला तर वसिष्ठही धड दिसत नव्हता. तिथे नुसताच उजेडाचा फिकट डाग होता. आजीने विचारले, "दिसली का रे?" मी म्हणालो, "दिसली."

खोटे बोलायला कारण होते. ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो, असे तिनेच मघाशी सांगितले होते. ही समजूत तिची एकटीची नव्हे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत अरिष्टलक्षणे, म्हणजे मृत्यू जवळ आल्याच्या खुणा सांगताना अरुंधती न दिसण्याचा उल्लेख येतो. त्या वर्षी मे ते नोव्हेंबर मी कुणाला न सांगता दिवस मोजले. दिवाळी गेली, मी गेलो नाही. मग वाटले, हिशेबात काही चुकत असेल.

चूक कुठे होती हे समजायला पुढची बरीच वर्षे लागली. शाळा दहावीनंतर सुटली, छापखान्यात कामाला लागलो आणि प्लेट तपासण्याचे भिंग हातात आले. त्या भिंगातून ठिपके पाहता पाहता, आपल्याला दिसते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मागे लागला. जमेल तसे वाचत गेलो, मोजत गेलो. या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर मांडायचे आहे आणि अखेर अरुंधतीचा हिशेबही पुरा करायचा आहे.

अंश, कला, विकला

वस्तू किती मोठी आहे याच्याशी डोळ्याला कर्तव्य नसते. ती डोळ्याशी किती मोठा कोन करते, एवढेच त्याला कळते. म्हणून हातभर अंतरावरचा अंगठा सबंध चंद्र सहज झाकतो. या कोनांचे माप आपल्या ज्योतिषगणितात पूर्वीपासून आहे: वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला आणि कलेच्या ६० विकला. चंद्राचे बिंब सुमारे ३१ कलांचे दिसते. हात लांब केल्यावर अंगठ्याची रुंदी सुमारे दोन अंश, म्हणजे १२० कला भरते.

एक कला किती लहान? एक साधा आकडा लक्षात ठेवावा: ३४३८. कोणतीही वस्तू स्वतःच्या रुंदीच्या ३४३८ पट अंतरावर ठेवली की ती एक कलेची दिसते. एक मिलिमीटर रुंदीची रेघ सुमारे ३.४ मीटरवर एक कलेची होते. पुस्तक धरण्याच्या अंतरावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर, एक कला ०.०८७ मिलिमीटरची असते; जवळपास केसाच्या जाडीएवढी.

निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे ओळखायचे तर त्यांच्यात साधारण एक कलेचे अंतर लागते. त्याहून जवळ असले तर दोघांचा एकच बिंदू होतो. यालाच डोळ्याची विभेदनक्षमता म्हणतात. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६७४ साली ही मर्यादा ठामपणे मांडली होती.

हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये एक एक मिलिमीटर कोरी जागा सोडून, शेजारी शेजारी ओढा. कागद भिंतीला लावा आणि मागे मागे चालत जा. एका जागी रेघा नाहीशा होऊन करडा पट्टा उरेल. तिथपर्यंतचे अंतर मोजा. चांगल्या उजेडात ते साडेतीन मीटरच्या आसपास भरले, तर तुमचा डोळा पुस्तकातल्या डोळ्यासारखा आहे.

इथे माझी पहिली अडचण झाली. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातले अंतर एक कलेचे नाही, तब्बल बारा कलांचे आहे. चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. जो डोळा एक कला ओळखतो त्याला बारा कला म्हणजे हमरस्ता. मग अरुंधती ही परीक्षा कसली? अरबांनीही याच ताऱ्यावर, त्यांच्या 'सुहा'वर, नजर पारखली. दोन वेगवेगळ्या संस्कृती इतक्या सोप्या प्रश्नाला परीक्षा का मानतील?

मर्यादा कोण घालते?

उत्तराआधी एक कलेची ही मर्यादा येते कुठून ते पाहू. ती दोन ठिकाणांहून येते आणि दोन्हींचा आकडा जवळजवळ एकच निघतो.

पहिले ठिकाण म्हणजे प्रकाश स्वतः. प्रकाश ही लाट आहे. अरुंद फटीतून जाताना लाट कडेला पसरते. यालाच विवर्तन म्हणतात. डोळ्याची बाहुली ही अशीच एक गोल फट. त्यामुळे कितीही निर्दोष डोळा असला तरी ताऱ्यासारख्या बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी तबकडी होते. या तबकडीचे गणित जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये मांडले. दोन तबकड्या किती दूर असल्या म्हणजे वेगळ्या धरायच्या, याची कसोटी लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये दिली: तरंगलांबीला फटीच्या व्यासाने भागा आणि १.२२ ने गुणा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर आणि बाहुली ३ मिलिमीटर धरली तर उत्तर येते ४६ विकला. बाहुली २ मिलिमीटरची झाली तर ६९ विकला. म्हणजे कलेच्या थोडे अलीकडे किंवा थोडे पलीकडे.

दुसरे ठिकाण दृष्टिपटल. त्याच्या मध्यभागी एक बारीक खळगा आहे आणि तिथे शंकुपेशी दाटीवाटीने उभ्या असतात. दोन शेजारणींच्या मध्यांतले अंतर सुमारे अडीच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा भाग. दोन उजळ बिंदू वेगळे दिसायचे तर दोन पेशींवर उजेड पडून मधल्या एका पेशीवर अंधार राहायला हवा. म्हणजे किमान पाच मायक्रॉनचे अंतर हवे. डोळ्याच्या भिंगव्यवस्थेपासून दृष्टिपटल सुमारे १७ मिलिमीटरवर धरले तर पाच मायक्रॉनचा कोन होतो अगदी एक कला.

प्रकाश जेवढा बारकावा आत आणू शकतो, तेवढाच टिपणारी जाळी आत विणलेली आहे. जाळी आणखी बारीक असती तरी फायदा थोडकाच. टिपायला तेवढा बारकावा आत आलाच नसता. गरुडाच्या डोळ्यात पेशी अधिक दाट आहेत आणि डोळाही मोठा आहे. म्हणून त्याची नजर आपल्या दोन ते अडीच पट तीक्ष्ण आहे. दहा पट नाही. निसर्गालाही लाटेचा नियम चुकवता येत नाही.

हा बारकावा सबंध दृष्टिक्षेपात पसरलेला नसतो. तो फक्त मधल्या एकदोन अंशांत, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाने झाकेल एवढ्याच भागात असतो. या ओळीतल्या एकाच शब्दावर नजर रोवून धरा आणि डोळा न हलवता चार शब्द पुढचे वाचून पाहा. जमणार नाही. आपल्याला सगळे पान स्पष्ट दिसल्यासारखे वाटते, कारण नजर सतत उड्या मारत असते आणि मेंदू तुकडे जोडत असतो.

दिसणे, वेगळे दिसणे, रेषेत दिसणे

'नजर किती बारीक?' या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत आणि त्यांची उत्तरे अगदी वेगळी आहेत.

पहिला: वस्तू आहे एवढे तरी कळते का? ताऱ्याचे बिंब विकलेच्याही अगदी छोट्या अंशाएवढे असते. तरी तारा दिसतो. इथे आकार महत्त्वाचा नाही, पुरेसा उजेड पोहोचला की झाले. तसेच उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार. प्रयोगात असे आढळले आहे की विकलेहून कमी जाडीची काळी रेघही उजळ पार्श्वभूमीवर जाणवते. तार 'दिसते' याचा अर्थ तिची जाडी कळते असा नव्हे.

दुसरा: दोन वस्तू वेगळ्या दिसतात का? हीच एक कलेची मर्यादा.

तिसरा: दोन रेघा एका रेषेत आहेत की सरकलेल्या? इथे डोळा कमाल करतो. एका रेघेचे टोक दुसरीपासून पाच ते दहा विकलांनी सरकले असले तरी ते कळते. म्हणजे दोन शंकुपेशींमधल्या अंतराच्याही छोट्या भागाएवढे सरकणे. मेंदू अनेक पेशींच्या संदेशांची सरासरी काढून रेघेची जागा ठरवतो, म्हणून हे साधते.

वर्कशॉपात काम केलेल्या कुणालाही याचा रोजचा अनुभव आहे. व्हर्नियर कॅलिपरवर आपण ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो. ३० सेंटिमीटरवर एक कला म्हणजे ०.०८७ मिलिमीटर, मग ०.०२ कसे वाचतो? कारण तिथे आपण दोन रेघा वेगळ्या करत नसतो, कोणती रेघ कोणत्या रेघेशी जुळली एवढेच पाहत असतो. ०.०२ मिलिमीटरचा तिथे कोन होतो सुमारे १४ विकला आणि तो आपल्या आवाक्यात आहे. प्येर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये ही पट्टी जगापुढे मांडली, तेव्हा डोळ्याचा हा गुण कुणी मोजला नव्हता. कारागिराने तो आधी वापरला, शास्त्राने नंतर तपासला.

हूक यांचा वादही इथे आठवतो. डान्झिगचे योहानेस हेवेलियस दुर्बीण न लावलेल्या यंत्रांनी ताऱ्यांच्या जागा मोजत. डोळ्याची मर्यादा एक कला असताना या मोजमापांवर विश्वास ठेवायचा कसा, असा हूक यांचा आक्षेप होता. १६७९ मध्ये तरुण एडमंड हॅले डान्झिगला जाऊन शेजारी बसून निरीक्षणे करून आले आणि हेवेलियस यांची मोजमापे पाहून चकित झाले. याचे एक कारण उघड आहे: हेवेलियस दोन तारे वेगळे करत नव्हते, एकच तारा यंत्राच्या कडेशी जुळवत होते. हूक यांचा आकडा बरोबर होता, पण तो दुसऱ्या प्रश्नाचा होता.

आपल्या हातातला अंक

आता या अंकातल्या एखाद्या छायाचित्राकडे पाहा. छापखान्याला करडा रंग छापता येत नाही. शाई कागदावर एकतर असते किंवा नसते. म्हणून चित्राचे ठिपके पाडतात; गडद जागी मोठे, फिकट जागी लहान. वर्तमानपत्रात इंचाला साधारण ८५ ओळी ठिपके असतात, म्हणजे दोन ठिपक्यांतले अंतर ०.३ मिलिमीटर. चांगल्या कागदावरच्या मासिकात इंचाला १५० ओळी, म्हणजे अंतर ०.१७ मिलिमीटर.

ठिपका आणि कोरी जागा असा जोड ओळखायचा तर एक कला ठिपक्याला, एक कला कोऱ्या जागेला, अशा दोन कला हव्यात. ४० सेंटिमीटरवर दोन कला म्हणजे ०.२३ मिलिमीटर. वर्तमानपत्राचा ठिपका या मर्यादेच्या वर राहतो, म्हणून नीट पाहिले तर दिसतो. मासिकाचा खाली जातो, म्हणून त्वचा, साडी, आकाश सलग दिसते. भिंग लावले की तीच त्वचा निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची होते. मी छापखान्यात काढलेली सारी वर्षे या ०.२३ मिलिमीटरच्या दोन बाजूंना गेली.

दारातली रांगोळीही तेच करते. उभ्या माणसाच्या डोळ्यापासून जमीन सुमारे दीड मीटर. तिथे एक कला ०.४४ मिलिमीटरची. रांगोळीचा कण त्याहून बारीक असला की लाल आणि पांढरे कण मिळून गुलाबी दिसतात. प्रदर्शनातल्या व्यक्तिचित्राच्या रांगोळीजवळ गुडघे टेकून बसलात तर गाल म्हणजे नुसती विटकरी, पिवळी, पांढरी भुकटी असते. चार पावले मागे गेलात की चेहरा येतो. रंग जमिनीवर मिसळलेला नसतो, आपल्या डोळ्यात मिसळतो.

पडद्यांचेही असेच. अॅपलने २०१० साली आयफोन ४ चा पडदा 'रेटिना' नावाने विकायला आणला. त्यात इंचाला ३२६ ठिपके होते. ३०० ठिपके म्हणजे प्रत्येकी ०.०८५ मिलिमीटर; ३० सेंटिमीटरवरची एक कला ०.०८७. जाहिरात होती, पण हिशेब खरा होता.

दिवाळीच्या खरेदीत हाच हिशेब पैसे वाचवतो. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके, म्हणजे प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरचा. ३४३८ ने गुणा: १.७ मीटर. त्याच्या पलीकडे बसलात तर ठिपके दिसत नाहीत. फोर-के टीव्हीत ठिपके निम्मे, म्हणून मर्यादाही निम्मी: ८५ सेंटिमीटर. बैठकीच्या खोलीत आठ फुटांवर, म्हणजे २.४ मीटरवर कोच असेल, तर या आकाराच्या पडद्यावर ठिपक्यांपुरता दोन्हींतला फरक डोळ्याला कळायचा नाही. चित्र चांगले वाटले तर ते रंगांमुळे किंवा उजेडामुळे.

आठव्या ओळीची परीक्षा

डोळ्यांच्या डॉक्टरांकडची पाटी हे याच कलेचे सर्वांत उपयोगी रूप. नेदरलँड्सचे हर्मान स्नेलेन यांनी ती १८६२ मध्ये केली. अक्षराची सबंध उंची पाच कला आणि त्यातली प्रत्येक रेघ व प्रत्येक फट एक कला. सहा मीटरवर असे अक्षर ८.७ मिलिमीटर उंच येते. ते वाचले की नजर ६/६. ज्याला सहा मीटरवरून फक्त दहा पट मोठे, ८७ मिलिमीटरचे अक्षर दिसते त्याची नजर ६/६०. म्हणजे चांगला डोळा साठ मीटरवरून जे वाचतो ते याला सहा मीटरवर यावे लागते.

देवनागरीत ही परीक्षा रोज होते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक शिरोरेघेच्या एका तुटलेल्या भागाचा आहे. ती फट दिसली नाही तर 'धन' आणि 'घन' एकच. मी वर्गात उंच होतो, म्हणून मागच्या बाकावर बसायचो. फळ्यावरून उतरवताना 'भ'चा 'म' आणि 'ध'चा 'घ' करायचो. गुरुजींच्या मते तो आळस होता आणि आळसावर त्या काळी एकच औषध होते. डोळे तपासावेत असे शाळेत कुणालाच सुचले नाही, घरीही नाही. मला स्वतःला सुचणे तर शक्यच नव्हते. सगळ्यांना जग असेच दिसते, असे मी धरून चाललो होतो. ज्याने स्पष्ट कधी पाहिलेच नाही त्याला अस्पष्ट म्हणजे काय ते कसे कळावे?

अरुंधतीचा हिशेब

आता अंगणात परत येऊ. आतापर्यंत आपण धरून चाललो की प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडते. लघुदृष्टीच्या माणसाची ती अलीकडेच पडते आणि दृष्टिपटलापर्यंत पोहोचताना पसरून तबकडी होते. ही तबकडी विवर्तनाच्या तबकडीहून फार मोठी असते. तिचा हिशेब आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे: बाहुलीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला चष्म्याच्या नंबराने गुणा, उत्तर कोनात मिळते. त्याला ३४३८ ने गुणले की कला.

अंधारात बाहुली मोठी होते. ५ मिलिमीटर धरू. नंबर अर्धा असेल तर ०.००५ गुणिले ०.५ गुणिले ३४३८, म्हणजे ८.६ कलांची तबकडी. पाऊण नंबराला १३ कला. एक नंबराला १७ कला. आणि वसिष्ठ-अरुंधती यांच्यात अंतर आहे बारा कलांचे.

अर्ध्या नंबराच्या माणसाच्या डोळ्यात दोन तबकड्या जेमतेम वेगळ्या राहतात. पाऊण नंबरापासून त्या एकमेकींवर चढू लागतात. अरुंधती वसिष्ठाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढीच तेजस्वी असल्यामुळे चढाओढीत ती हरते. वसिष्ठाच्या विस्कटलेल्या उजेडात बुडून जाते. बारा कला निरोगी डोळ्याला हमरस्ता आहे खरा. पण परीक्षा निरोगी डोळ्याच्या मर्यादेची नव्हतीच. कुणाला दूरचे दिसत नाही हे ओळखण्याची ती परीक्षा होती, आणि आकाशाने त्यासाठी दोन तारे साधारण पाऊण नंबराच्या अंतरावर मांडून ठेवले आहेत. आज शाळेत मुलांचे डोळे तपासताना जे शोधतात, तेच ही जोडी शोधते.

माझा त्या वेळचा नंबर दीड होता. ०.००५ गुणिले १.५ गुणिले ३४३८: जवळजवळ २६ कला. प्रत्येक तारा माझ्या डोळ्यात चंद्राच्या जवळपास आकाराचा होऊन विरत होता. अरुंधती दिसणे शक्यच नव्हते. फळ्याचा हिशेबही केला. दिवसा बाहुली ३ मिलिमीटर धरली तर तबकडी १५ कलांची. सहा मीटरवरच्या फळ्यावर चार सेंटिमीटरचे अक्षर २३ कलांचे दिसते आणि त्यातली फट साडेचार कलांची. पंधरा कलांच्या कुंचल्याने साडेचार कलांची फट कशी रंगवणार? 'ध'चा 'घ' व्हायचाच होता.

हे सूत्र आणखी एक गोष्ट सांगते. बाहुली लहान केली की तबकडी लहान होते. चष्मा नसताना माणसे डोळे बारीक करून पाहतात ते याचसाठी. जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहा. भोक एक मिलिमीटरचे असेल तर दीड नंबराची तबकडीही पाच कलांवर येते. चष्म्याविना पाटीवरचे अक्षर उघडते. उजेड कमी होतो एवढेच. चाळिशी लागलेल्यांनी बारीक अक्षराच्या औषधाच्या चिठ्ठीवर हा प्रयोग भर उन्हात करून पाहावा. आणि भोकातूनही सुधारणा झाली नाही, तर दोष केवळ नंबराचा नसण्याची शक्यता असते. डॉक्टर याच युक्तीने तो फरक ओळखतात.

वसिष्ठही एकटा नाही

मर्यादा कळली की ती ओलांडण्याची वाटही कळते. विवर्तनाच्या सूत्रात भागाकार फटीच्या व्यासाने आहे. फट मोठी करा, बारकावा वाढेल. पाच सेंटिमीटर भिंगाची लहान दुर्बीणही तीन विकलांपर्यंत जाते. १६१७ मध्ये बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी गॅलिलिओंना वसिष्ठ पाहण्याचे सुचवले. दुर्बिणीत वसिष्ठाचेच दोन तारे झाले. मध्ये १४ विकला. डोळ्याच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्शाहून कमी.

१८८९ मध्ये हार्वर्डचे एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केले की या दोहोंपैकी तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा मधूनमधून दुहेरी होतात. म्हणजे तोही जोडतारा. पुढे दुसराही जोडतारा निघाला. २००९ मध्ये खुद्द अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. ऐंशीएक प्रकाशवर्षांवरची ही दोघांची जोडी आता सहा जणांचे कुटुंब आहे. प्रत्येक वेळी आकाश होते तेच राहिले. बदलली ती पाहण्याची फट आणि पद्धत.

आपल्या तत्त्वज्ञानात अरुंधतीदर्शनन्याय म्हणून एक दाखला आहे: सूक्ष्म गोष्ट दाखवायची तर आधी जवळची ठळक गोष्ट दाखवावी, मग तिथून नजर हळूच सूक्ष्माकडे न्यावी. आजी हेच करत होती. फक्त ठळक गोष्टही न दिसणारा पोरगा समोर आहे, हे तिला ठाऊक नव्हते.

दिसली नाही तर

तेराव्या वर्षी मामांकडे गेलो असताना त्यांनी मला दुकानाची पाटी वाचायला सांगितली आणि मला दुकानावर पाटी आहे हेच कळेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, आठवड्याने चष्मा. गावी परतलो त्या रात्री अंगणात मान वर केली. वसिष्ठ टोकदार होता आणि त्याच्या अंगाला ती बारीक ठिणगी होती. आजीला म्हणालो, "दिसली." ती म्हणाली, "मागं दिसली होती की." मी काही बोललो नाही.

आज हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातली जवळपास निम्मी माणसे लघुदृष्टीची असतील. मुले घरात आणि जवळच्या पडद्यांत वाढतात हे त्याचे एक कारण मानले जाते. चीनमधल्या ग्वांगझू इथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या वेळात रोज ४० मिनिटे जास्त बाहेर काढले. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के, तर नेहमीसारख्या शाळांत ३९.५ टक्के. औषध नाही, यंत्र नाही. नुसता बाहेरचा उजेड.

म्हणून आजीची परीक्षा पुन्हा सुरू करावी असे मला वाटते, फक्त तिचा अर्थ बदलून. दिवाळीत सप्तर्षी संध्याकाळी दिसत नाहीत. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उठाल तेव्हा ईशान्येला पाहा. शेपटी क्षितिजाजवळच असेल, तेव्हा समोर झाडे-इमारती नकोत. एप्रिल-मेच्या रात्री, ऐन लग्नसराईत, ते उत्तरेला चांगले वर असतात. अंधारात दहा-पंधरा मिनिटे डोळे रुळू द्या. मुलाला एकेक डोळा झाकून पाहायला सांगा, कारण एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याचा दोष झाकतो. आळशी डोळा लहानपणीच ओळखला तर उपचार सोपे जातात. 'दिसली का?' असे विचारू नका. माझ्यासारखी मुले 'दिसली' म्हणतात. 'वसिष्ठाच्या कोणत्या बाजूला आहे?' असे विचारा.

शहरातल्या धुरकट, दिव्यांनी उजळलेल्या आकाशात चांगल्या डोळ्यालाही अरुंधती दिसणार नाही, हे ध्यानात ठेवा. आणि दिसली म्हणजे डोळे निर्दोष, असेही नाही. डॉक्टरांची तपासणी ती तपासणीच. पण मोकळ्या आकाशाखाली इतरांना दिसली आणि एखाद्याला दिसली नाही, तर त्याला सहा महिन्यांची गोष्ट सांगू नका. आठवड्याच्या आत त्याचे डोळे तपासून घ्या.